मागच्या सीटवरची मान हलू नये म्हणून: मॅन्युअल गाडीचे गिअर मऊ कसे बदलायचे

माझे वडील एसटीत चालक होते. कराड–चिपळूण ही त्यांची नेहमीची गाडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि पुढच्या सीटवर बसून रस्ता सोडून कंडक्टरकडेच बघत राहायचो. डाव्या हातावर तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच, खांद्याला पैशांची पिशवी, आणि हा माणूस कशालाही न धरता दोन सीटांच्या मधोमध उभा. अण्णा दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकायचे, इंजिनचा आवाज बदलायचा, पण कंडक्टरचे पाय जागचे हलत नसत. "त्याला दांडी धरावी लागली तर चूक माझी," एवढंच अण्णा म्हणायचे.

याहून चांगली कसोटी मला आजवर सापडलेली नाही. तुमच्या गाडीत कंडक्टर नसतो, पण मागच्या सीटवर आई असते, झोपलेलं पोर असतं, कुणाच्या तरी मांडीवर आमटीचा डबा असतो. गिअर बदलताना मागच्यांची मान पुढे-मागे झाली, की तो गिअर नीट पडला नाही असं समजायचं.

घरातल्या पाच-सहा जणांना मी गाडी शिकवली. जवळजवळ प्रत्येकाला आधी कुणीतरी एकच सल्ला दिलेला होता: "क्लच हळू सोड." सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. तेवढ्यावरच विसंबलं तर माणूस क्लच इतका हळू सोडतो की प्लेट तापते, पायाला गोळे येतात आणि गचका तरी राहतोच. उरलेला अर्धा भाग इंजिनच्या वेगाचा आहे, आणि तो समजला की पाय आपोआप शहाणे होतात.

गचका येतो कुठून

इंजिन आपल्या वेगाने फिरतं, चाकं आपल्या वेगाने. मध्ये असतो क्लच. पेडल वर असताना क्लचप्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाला, घट्ट चिकटलेली असते आणि दोघं एकत्र फिरतात. पेडल दाबलं की प्लेट सुटते. गिअर बदलून पेडल सोडलं की पुन्हा गाठ पडते. गाठ पडताना दोन्ही बाजूंचा वेग जुळलेला असेल तर काहीच जाणवत नाही. जुळलेला नसेल तर गाडी आणि इंजिन एकमेकांना ओढून वेग सारखा करून घेतात. त्या ओढाताणीलाच आपण गचका म्हणतो.

आता आकडे बघा, कारण सगळं गणित त्यांच्यात आहे. पाच गिअरच्या छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण ३.५ असतं, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.३, चौथ्याचं एकच्या जरा खाली. याचा अर्थ असा: पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २५०० फेरे मारत असेल, तर त्याच वेगाने जाताना दुसऱ्यात ते १३५० च्या आसपास यायला हवं. म्हणजे जवळजवळ ११५० फेऱ्यांची उतरण. दुसऱ्यातून तिसऱ्यात २५०० वरून १७००, उतरण ८००. तिसऱ्यातून चौथ्यात २५०० वरून १८५०, उतरण ६५०. वर जाल तशी पायरी लहान होत जाते.

पहिल्यातून दुसऱ्यात जातानाच सगळ्यांची गाडी का गचकते, याचं उत्तर इथे आहे. ती पायरी सगळ्यात उंच आहे. चौथ्यातून पाचव्यात जाताना नवशिक्याचाही गिअर मऊ पडतो, तेव्हा त्याचा पाय अचानक हुशार झालेला नसतो. तिथे उतरायचंच थोडं असतं.

म्हणून गिअर बदलताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे दाखवणारा काटा कुठे असायला हवा? वर जाताना काटा खाली यायला जरा वेळ द्यायचा, खाली येताना थोडी रेस देऊन काटा वर न्यायचा. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी बसायला शिका

हे वाचून पुढे पळू नका. माझ्या वहिनीची अर्धी अडचण सीट पुढे सरकवल्यावर मिटली होती.

क्लच तळापर्यंत दाबा. त्या अवस्थेत गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे, आणि मग क्लच शेवटच्या इंचापर्यंत दाबला जात नाही. अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये गिअर अडतो, खरखरतो. टाच जमिनीवर टेकवून पेडल सोडता आलं तर उत्तम. उंची कमी असेल तर टाच उचलावी लागते, त्यात वाईट काही नाही, पण पेडलवर तळव्याचा पुढचा उंचवटा आला पाहिजे. नुसती बोटं टेकवून क्लचवर ताबा राहत नाही.

पायात काय आहे तेही बघा. पातळ, सपाट तळाचा बूट सगळ्यात चांगला. जाड तळाच्या बुटात पेडलची थरथर पायापर्यंत पोहोचत नाही. चप्पल तर ऐन वेळी पेडलखाली अडकते.

आणि पायाखालचं मॅट. माझी स्वतःची गाडी एकदा सकाळ-संध्याकाळ पहिल्या गिअरला खरखरायला लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी उभ्या उभ्या क्लचप्लेट बदलायला सांगितलं आणि खर्चाचा आकडाही दिला. घरी येऊन मॅट झाडायला काढलं तेव्हा दिसलं, की नव्या जाड मॅटची कड वर सरकून क्लच पेडलच्या मागे दुमडली होती. पेडल बोटभर कमी दाबलं जात होतं. मॅट काढलं, खरखर गेली. तेव्हापासून कुणीही गाडीची तक्रार सांगितली, की मी आधी वाकून मॅट बघतो.

हाफ क्लच पायाला ओळखू द्या

रविवारी सकाळी बाजार समितीचं आवार रिकामं असतं. भाचीला मी तिथेच शिकवलं. अशी सपाट, मोकळी जागा शोधा.

गाडी चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. उजवा पाय ब्रेकवरून काढून जमिनीवर ठेवा. रेसला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही. आता क्लच मुंगीच्या पावलांनी वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, काटा थोडा खाली झुकतो, बॉनेटचं नाक अगदी हलकं उचलल्यासारखं वाटतं. तीच ती जागा. पाय तिथेच थांबवा. गाडी सरकायला लागेल. दोन-तीन चाकांचे फेरे होऊ द्या, मग उरलेलं पेडल सोडा. गाडी रेसशिवाय पहिल्या गिअरमध्ये ताशी सहा-सात किलोमीटरने आपली आपण चालत राहील.

पुन्हा क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा. किमान वीस वेळा. भाची सातव्या-आठव्या वेळेला कंटाळली, "मामा, पुढचं शिकव ना," म्हणाली. मी तिला डोळे रस्त्यावर ठेवून, काट्याकडे न बघता, फक्त आवाजावरून ती जागा सांगायला लावली. "आता," ती म्हणायची, आणि त्याच क्षणी गाडी हलायची. तीन वेळा लागोपाठ बरोबर आल्यावरच आम्ही रेसकडे वळलो.

पेडलचा सगळा प्रवास सारख्या महत्त्वाचा नसतो, हे या सरावातून कळतं. तळापासून हाफ क्लचच्या जागेपर्यंत पाय झटकन आणला तरी चालतो, तिथे काहीच घडत नाही. हाफ क्लचच्या आसपासचा दोन बोटांचा पट्टा मात्र जपून ओलांडायचा. त्यानंतरचा भाग पुन्हा मोकळा. "क्लच हळू सोड" याचा खरा अर्थ एवढाच: त्या दोन बोटांत हळू.

प्रत्येक गाडीची ही जागा वेगळी असते. दुसऱ्याची गाडी हातात आली, की रस्त्यावर नेण्याआधी दोन वेळा हा प्रयोग करा. अण्णा डेपोतून नवी गाडी मिळाली, की फाटकापर्यंत जाईतो तेच करत असत.

पहिल्यातून दुसऱ्यात: इथे वेळ घालवा

गाडी पहिल्यात चालू लागली, की फार ताणू नका. छोट्या पेट्रोल गाडीत ताशी १५ ते १८ किलोमीटर, काटा २००० ते २५०० च्या दरम्यान, ही दुसऱ्याची वेळ. पहिला गिअर ३५०० पर्यंत ओढून मग बदलला तर उतरण आणखी मोठी होते आणि गचकाही.

आता हालचालींचा क्रम, अगदी संथ करून सांगतो.

उजवा पाय रेसवरून उचलायला लागतो त्याच क्षणी डावा पाय क्लचवर खाली जातो. उजवा केसभर आधी, एवढंच. रेस आधी पूर्ण सोडून मग क्लच दाबलात, तर मधल्या वेळात इंजिन गाडीला मागे ओढतं आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात. उलट, रेसवर पाय असतानाच क्लच दाबलात तर इंजिन मोकळं होऊन भुर्रकन ओरडतं. दोन्ही पाय तराजूच्या पारड्यांसारखे: एक वर, एक खाली. क्लच मात्र झटकन आणि तळापर्यंत दाबायचा. दाबताना हळुवारपणा कामाचा नाही.

मग हात. दांडा पहिल्यातून सरळ मागे, किंचित आपल्यापासून दूर डावीकडे दाब ठेवून. हा डावीकडचा दाब का, तर दांड्याला आतून स्प्रिंग असते आणि ती त्याला मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणू बघते. दाब सोडला तर दुसऱ्याऐवजी चौथा पडतो आणि गाडी गुदमरते.

दांडा न्यूट्रलवर आला की एक निमिष थांबा. मनात "एक" म्हणा. घाई करणाऱ्या माणसाला हा क्षण फार लांब वाटतो, पण तो वाया जात नाही. इंजिनचा काटा खाली येत असतो. मग दांडा दुसऱ्याकडे दाबला, की गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोनायझरच्या कड्या आपलं काम सुरू करतात. या बहुतेक पितळेच्या कड्या असतात. गिअरच्या शंकूवर त्या घासतात आणि घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा करतात. वेग जुळला की दात एकमेकांत अलगद बसतात. दांडा हिसकून ढकलला तर कडीला घासायला वेळच मिळत नाही आणि तिची झीज होते. दांड्यावर हलका, सतत दाब ठेवा. एका क्षणी तो जणू आतूनच ओढला गेल्यासारखा जागेवर जातो. ती ओढ हाताला जाणवायला लागली, की तुमचा हात तयार झाला.

आता क्लच. हाफ क्लचपर्यंत झटकन, त्या दोन बोटांच्या पट्ट्यात अर्धा-पाऊण सेकंद, मग पूर्ण मोकळा. क्लच सुटत आला की रेस पुन्हा द्यायची, तीही पायाच्या अंगठ्याने पानावरचं पाणी ओघळवावं इतकी हलकी. क्लच पूर्ण सुटायच्या आत मोठी रेस दिली तर गाडी उसळते.

नव्या पेट्रोल गाड्यांची एक खोड इथे माहीत असू द्या. प्रदूषणाचे नियम पाळता यावेत म्हणून अनेक गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर रेस सोडल्यावरही काटा एकदम खाली येऊ देत नाही, तो रेंगाळतो. "मी सगळं बरोबर करतोय, तरी गाडी पुढे उडी मारते," अशी तक्रार असेल तर बहुधा हेच कारण. अशा गाडीत रेस थोडी आधी सोडा, न्यूट्रलवरचा क्षण थोडा लांबवा आणि बदल २००० च्या आसपासच करा.

हात कसा ठेवायचा

दांडा मुठीत आवळू नका. मुठीतला जोर खांद्यातून येतो आणि दिशा चुकते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहात उघडा ठेवून दांडा पुढे ढकला. न्यूट्रलवर आला की स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत आणते, तुम्ही फक्त पुढे न्यायचं. बरेच जण इथे मुद्दाम उजवीकडे ढकलतात आणि थेट पाचव्याच्या रांगेत जातात. पाचव्यातून चौथ्यातही तसंच, दांडा मागे ओढा, आडवी वाट स्प्रिंग दाखवते.

काम झालं की हात स्टिअरिंगवर. दांड्यावर हात टेकवून चालवायची सवय फार जणांना असते. त्या हाताच्या वजनाने गिअर सरकवणारा आतला फोर्क फिरत्या भागावर सतत घासत राहतो आणि गिअरबॉक्स विनाकारण झिजतो. डाव्या पायाचंही तेच: क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, तो तिथेच ठेवा.

तिसरा, चौथा, पाचवा यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. तिसरा ३० च्या आसपास, चौथा ४० ते ४५ ला, पाचवा ५५ ते ६० ला. पायऱ्या लहान, त्यामुळे न्यूट्रलवर थांबण्याची गरज कमी होत जाते.

खाली येताना: थोडी रेस, मग क्लच

गिअर कमी करणं बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. आणि सगळ्यात वाईट गचके इथेच बसतात.

समजा तिसऱ्यात ताशी ४५ ने जात आहात, पुढे वळण आहे. काटा २२०० च्या आसपास. याच वेगाला दुसरा टाकलात तर इंजिनला ३२०० वर जावं लागेल. हजार फेऱ्यांचा फरक, आणि तुम्ही रेस सोडलेली असल्यामुळे इंजिन उलट खाली गेलेलं. क्लच सोडताच चाकं त्या इंजिनला ओढून वर नेतात. गाडी ब्रेक मारल्यासारखी दचकते, ओल्या रस्त्यावर चाक घसरूही शकतं.

आता हेच ब्रेकने वेग आधी २५ ते ३० वर आणून करा. ३० ला तिसऱ्यात काटा १५०० वर, दुसऱ्यात हवा २१५० वर. फरक साडेसहाशेवर आला. म्हणून पहिला नियम: आधी ब्रेक, मग गिअर. वेग कमी करायचं काम ब्रेकचं. गिअर पुढच्या चालीसाठी असतो.

उरलेला फरक रेसने भरायचा. ब्रेक लावून वेग कमी केला, क्लच दाबला, दांडा दुसऱ्यात नेला. क्लच अजून खालीच आहे. आता उजवा पाय ब्रेकवरून उचलून रेसला एकदाच हलका टोला द्या, काटा २००० च्या पुढे गेला की लगेच क्लच सोडा. गाठ जुळलेल्या वेगावर पडते आणि गिअर बदलल्याचं फक्त आवाजावरून कळतं. सुरुवातीला रेस कधी जास्त होईल, कधी कमी. जास्त झाली तर गाडी पुढे सरकते, कमी झाली तर मागे ओढते. त्यावरून पुढच्या वेळी अंदाज सुधारा. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, तिसरा-दुसरा-तिसरा असा सराव करा. थांबायची घाई असेल, समोर कुणी आलं असेल, तर रेसचा विचारही करू नका. तेव्हा फक्त ब्रेक, आणि गाडी बंद पडायच्या आत क्लच.

अण्णांच्या काळच्या जड गाड्यांत सिंक्रोनायझर नसत, म्हणून ते डबल क्लच मारायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून दिलेली रेस गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टलाही फिरवते, म्हणून दात जुळतात. कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रोनायझर असलेला, गिअरबॉक्स आणला आणि पुढे कारवाल्यांची या कसरतीतून सुटका होत गेली. आजच्या कारमध्ये रोज ती करण्याची गरज नाही. पण गाडी जुनी असेल आणि चालत्या गाडीत एखादा खालचा गिअर टाकताना खरखरत असेल, तर डबल क्लचने तो लोण्यासारखा पडतो. एकदा करून बघा.

पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा झाला तर वेग अगदी माणसाच्या चालीवर आल्यावरच टाका. दुसऱ्या-पहिल्यातली पायरी सगळ्यात उंच आहे, हे खाली येतानाही खरंच आहे.

ट्रॅफिकमध्ये

संध्याकाळच्या कोंडीत लोक दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी रांगवत राहतात. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन आरामात फिरू शकतं ते ताशी ११-१२ किलोमीटरच्या पुढे. त्याच्या खाली तुम्ही नकळत क्लच घासत असता. वेग दहाच्या खाली जाणार असेल तर पहिला टाका आणि क्लच पूर्ण सोडून गाडीला आपल्या चालीने चालू द्या. पुढच्या गाडीला लगेच चिकटण्यापेक्षा एका गाडीची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. वीस वेळा हलण्याऐवजी सात-आठ वेळा हलाल. मधे कुणीतरी घुसेल, घुसू द्या.

पहिल्यात रांगताना रेस धरल्या-सोडल्यावरही गाडी गचकते. रेसवरचा पाय खड्ड्यांनी हलतो, त्याने गाडी उसळते, त्याने पाय आणखी हलतो. अशा वेळी टाच जमिनीवर पक्की रोवा, आणि तरी थांबलं नाही तर क्लच किंचित दाबून पुन्हा सोडा.

सिग्नलला क्लच दाबून बसू नका. न्यूट्रल करा, ब्रेक धरा. दिवा हिरवा होण्याआधी दोन सेकंद पहिला टाकायला पुरतात.

घाटात

चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणं हे नव्या चालकाचं सगळ्यात मोठं भय. हँडब्रेक पूर्ण ओढा. क्लच दाबून पहिला टाका. रेस १५०० ते १८०० पर्यंत स्थिर धरा. क्लच हाफपर्यंत आणा, नाक उचललं, मागचा भाग जरा बसल्यासारखा वाटला, की क्लच-रेस तिथेच धरून हँडब्रेक सोडा. गाडी इंचभरही मागे न जाता पुढे निघते. नाक उचलायच्या आत हँडब्रेक सोडायचा नाही, एवढं पाळलं की भय उरत नाही.

चढावर वर जाणारा गिअर जलद टाकायचा. न्यूट्रलवर रेंगाळलात तर चढ तुमचा वेग खाऊन टाकतो. काटाही थोडा जास्त, अडीच हजारांच्या वर, जाऊ द्या. आणि खालचा गिअर वळणाच्या आधी टाका, वळणात नाही. कुंभार्ली घाट चढताना अण्णा वळण दिसायच्या आधीच गिअर उतरवून तयार असायचे. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगलाच हवेत, आणि अर्ध्या वळणात इंजिन गुदमरलं की तिथे क्लच दाबावा लागतो. त्या क्षणी गाडीला ओढ नसते.

उतारावर चालकांमध्ये एक जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्यातच उतरायचं. कोयनानगरकडून पोफळीकडे उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्यात रेस न देता गाडी सोडा, इंजिन तिला धरून ठेवतं. इंधन वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते करू नका. ब्रेक सतत दाबून तापतात आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. शिवाय वाचतही काही नाही, कारण गिअरमध्ये रेस सोडून उतरताना आजच्या गाड्या इंजिनचं इंधन जवळजवळ बंदच करतात.

डिझेल, थंडी आणि एसी

डिझेल गाडी खालच्या फेऱ्यांवर ताकदवान असते. सपाटीवर ती नुसत्या क्लचवर निघते, रेसची गरज नाही. गिअर १८०० ते २२०० मध्येच बदला. टर्बोची ताकद अचानक येते, तेव्हा क्लच सुटायच्या आत रेस दिली तर गाडी झेप घेते. डिझेलमध्ये म्हणून उजव्या पायाला जास्त संयम लागतो.

डिसेंबरातल्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर अडल्यासारखा वाटतो. गिअरबॉक्सचं तेल गार असताना घट्ट असतं. जोर लावू नका, न्यूट्रलवर थोडं जास्त थांबा. तेल तापलं की सैल होतं. छोट्या इंजिनच्या गाडीत एसी चालू असताना निघायला थोडी जास्त रेस लागते, ती सवय उन्हाळ्यात पायाला लावून घ्या.

चूक पायाची की गाडीची

महिनाभर सराव करूनही गचके राहिले, तर गाडी तपासा. गॅरेजला जाण्याआधी या गोष्टी स्वतःच करता येतात.

गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका. खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी मॅट बघा, मग क्लचची वायर ढिली आहे का ते. हायड्रॉलिक क्लच असेल तर टाकीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय का ते पाहा. न थांबता लगेच टाकल्यावर खरखरत असेल तर मात्र तो दोष नाही, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स घ्या.

मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात ५० ला असताना रेस दाबा. काटा वर पळाला आणि गाडीचा वेग तसाच राहिला, तर क्लचप्लेट घसरते आहे. ती बदलायलाच हवी.

निघताना हाफ क्लचवर सगळी गाडी थरथरत असेल तर प्लेट किंवा फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खराब झालेला असू शकतो. रेस धरता-सोडताना बॉनेटखालून "ठक्" असा ठोका येत असेल तर इंजिनचे माउंटिंग रबर बघायला सांगा. ते फाटले की इंजिन जागेवर हलतं आणि तुम्ही कितीही जपून गिअर टाका, गचका बसतोच. एकच ठरावीक गिअर, समजा तिसरा, नेहमी खरखरत असेल आणि बाकीचे ठीक पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रोनायझरची कडी झिजली आहे. गिअर ऑइल किती आणि कुठल्या दर्जाचं, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. गॅरेजमध्ये जे पिंप उघडं असेल त्यातलं घालू देऊ नका.

सराव कसा करायचा तेही सांगून ठेवतो. पहिले तीन-चार दिवस फक्त हाफ क्लच. पुढचा आठवडा फक्त पहिला-दुसरा, रोज पंधरा-वीस वेळा, रिकाम्या रस्त्यावर. नंतर वरचे गिअर, ते दोन दिवसांत होतात. मग दोन आठवडे खाली येण्याचा सराव, रेसच्या टोल्यासकट. घाट त्यानंतर, आणि पहिल्यांदा शेजारी जाणता माणूस घेऊन. भाचीला मी पहिल्या महिन्यानंतर पुढच्या सीटमधल्या खाचेत अर्धा पेला पाणी ठेवून चालवायला लावलं होतं. पहिल्या दिवशी मॅट भिजलं. नवव्या दिवशी बाजार समितीपासून घरापर्यंत पाणी पेल्यातच राहिलं, आणि मागे बसलेली तिची आजी झोपली होती.